आ. म्हणजे आधीचं

जिना चढून वर आलं की डावीकडे माझं दार आणि उजवीकडे रफूबाईचं. आजही पिशवी खाली ठेवून मी सवयीने उजवीकडे बघितलं, तर दाराला कुलूप. मग आठवलं. माझ्या रोजच्या वहीत एरवी दूध, भाजी, कोण आलं, कोण गेलं आणि देवाकडे काय मागितलं एवढंच असतं. आज तिच्याबद्दल लिहायला बसले आहे आणि ती एका पानात मावेल असं काही वाटत नाही.

तिला रफूबाई हे नाव सगळ्या इमारतीने दिलेलं. बाजाराच्या रस्त्याला, चष्म्याच्या दुकानाला खेटून एक गाळा आहे. एक माणूस आत बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं, एवढाच. तिथे ती रफूचं काम करते. कोट, शाली, गालिचे, कुणाच्या वडिलांचा जपून ठेवलेला स्वेटर. कसरीने खाल्लेलं, सिगारेटने जळलेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं काहीही न्या. ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढते आणि त्या धाग्यांनी भोक असं विणून टाकते की नंतर आपलं आपल्यालाच सापडत नाही. हे काम ती तिच्या आत्याकडून शिकली. मधल्या बोटाच्या कडेला सुई टोचून टोचून घट्टा पडलाय आणि चष्म्याची काच वर्षागणिक जाड होत चालली आहे, पण हात अजून स्थिर आहे.

तिची एक पद्धत आहे. कापड हातात आलं की आधी उठून दारात जायचं आणि ते उजेडाला धरायचं. विरलेली जागा, उसवलेली शिवण, डाग, जे दिसेल त्याच्या शेजारी लाल दोऱ्याचा एक सैल टाका. हे सगळं गिऱ्हाईक समोर उभं असताना. मी माझ्या सासऱ्यांचा कोट नेला होता तेव्हा मीच म्हणाले, "अगं, एक भोक दाखवायला आणला, तू तर कोटाची सगळी अब्रूच काढलीस."

"बघून घ्या वहिनी. हे सगळं आधीचं. न्यायला याल तेव्हा हे भोक तू पाडलंस म्हणू नका, एवढंच."

शिकाऊ असताना कुणीतरी तिला असं म्हटलं होतं. न फाडलेल्या शालीची भरपाई तिने महिनोन् महिने केली. तेव्हापासून लाल दोरा. मग पावतीवर एकेका टाक्यापुढे लिहायचं: "खिसा, आ. कॉलर, आ. डावी बाही, आ." गाळा लहान, पावती त्याहून लहान, पूर्ण शब्द मावत नाही, म्हणून आ. म्हणजे आधीचं. गिऱ्हाइकांना ते इतकं अंगवळणी पडलंय की तीही सांगतात, "कोपऱ्याला एक आ आहे, तो राहू द्या."

हे सगळं एवढ्या तपशिलाने लिहायचं कारण, ह्याच एका अक्षराने पुढे तिचा जीव टांगणीला लावला.

ती आणि तिची आई इथे राहायला आल्या तो दिवस मला स्पष्ट आठवतो. टेम्पो खाली उभा होता, सामान अजून चढायचं होतं, आणि ही बाई रिकाम्या खोलीत लाल दोऱ्याचे तुकडे चिकटपट्टीने भिंतीला लावत फिरत होती. तेवढ्यात मालक वर आले. मालकांचं खाली टायरचं दुकान आहे. त्यांना आम्ही तोंडावर काका म्हणतो आणि पाठीमागे वजाबाकीकाका. हे नाव आमच्या ह्यांचं. भाडेकरू खोली सोडायला निघाला की काका हात मागे बांधून खोलीतून फिरतात. "हे काय? आणि हे?" करत जातात, आणि प्रत्येक "हे" गणिक डिपॉझिटमधून काहीतरी उणे होतं. हिच्या आधी राहत होता तो दवाखान्यातला कंपाउंडर उरलेलं डिपॉझिट पाकिटात घेऊन निघाला, तेव्हा आमचे हे म्हणाले, "पाकीट रिकामं असतं तरी वजनात फरक पडला नसता." आमची जागा स्वतःची आहे, म्हणून आम्हाला हसायला परवडतं.

पण काका माणूस वाईट नाही. आमच्या ह्यांना एकदा छातीत कळ आली तेव्हा दुकान उघडं टाकून काकांनीच गाडी काढली होती, हे मी विसरणार नाही. हातातला पैसा परत करायची वेळ आली की मात्र त्यांचा हात आखडतो. कुणाचा गुडघा आखडतो, तसा.

तर काकांनी खोलीभर लाल दोरे बघितले.

"बाई, खोलीला गोवर आलाय का?"

"आलाय ना काका. माझ्या आधीचा आहे, तेवढं लिहून घेते."

मग शाळेच्या वहीतून तिने एकेक वाचून दाखवलं. "बेसिनला तडा, केसाएवढा, आ. कपाटाचं वरचं बिजागर ढिलं, आ. खिडकीखाली भिंत विरली, आ."

"भिंत विरते होय? भिंत आहे का चादर?"

"रंग विरलाय काका. आतून ओल आहे."

"बरं बरं. सही कुठे करायची?"

खालून दुकानातला माणूस हाका मारत होता. काकांनी न वाचताच सही ठोकली. तिने केली. साक्षीला म्हणून मला बोलावलं, मीही केली. वाण्याच्या यादीखेरीज माझ्या हातची अक्षरं कुणाला लागतात, म्हणून जरा जास्तच वळणदार केली.

पुढे ती राहिली तितके दिवस ती वही चालू होती. भाडं दिलं की काकांची सही. काका कुरकुरायचे, "आमच्यावर विश्वास नाही वाटतं?"

"विश्वास आहे म्हणून तर पैसे आधी देते आणि सही नंतर घेते."

नळ गळायला लागला, तिने चिठ्ठी लिहून खाली दिली आणि चिठ्ठीत काय लिहिलं ते वहीत उतरवलं. त्यापुढे काकांचं उत्तर: "बघू." ओल वाढली, पुन्हा चिठ्ठी, पुन्हा "बघू." जिन्यातला दिवा गेला, "बघू." मी एकदा ती वही चाळली तर बघूच बघू.

"अगं, हे बघूसुद्धा लिहितेस?"

"ते म्हणाले ते लिहिते वहिनी. 'नाही' म्हणाले असते तर 'नाही' लिहिलं असतं."

यात कडवटपणा म्हणून नव्हता. शेवटी नळाचा वायसर तिने स्वतः आणून बसवला आणि तेही लिहिलं, दुकानाच्या पावतीसकट.

आता तिच्या आईबद्दल. मी त्यांना मावशी म्हणते. मावशींनी उभं आयुष्य एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात उभ्यानेच काढलं. मोठमोठी पातेली, ओली फरशी. त्याचं सगळं व्याज गुडघ्यांनी वसूल केलं. इथे आल्या तेव्हा कठडा धरून तीन मजले उतरत होत्या. मग आठवड्यातून एकदा, मग दवाखान्यापुरतं, आणि मग खुर्चीत बसवून काकांच्या दुकानातल्या दोन माणसांनी उचलून न्यायचं. गेलं वर्षभर तर खिडकी हेच त्यांचं सगळं जग. मी गेले की विचारायच्या, "चष्मेवाल्याने पाटी बदलली का हो? इथून रंग वेगळा दिसतो." जिभेला मात्र गुडघ्यांची लागण झाली नव्हती.

रफूबाईच्या मनाने घेतलं होतं की आईला जमिनीवर आणायचं. बाजारातल्या औषधवाल्या बाईंच्या दुकानाशेजारी तळमजल्याची एक खोली रिकामी होत होती. दारात एकच पायरी. औषधवाल्या बाई म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत थांबते, पण डिपॉझिट हातात पडल्याशिवाय किल्ली नाही, माझ्याकडे दोघे जण खोली बघून गेलेत. रफूबाईकडे शिल्लक अशी काय असणार. इथलं डिपॉझिट धड परत आलं तर तिथलं भरता येणार होतं. काकांनी नेहमीसारखी वजाबाकी केली तर खोली दुसऱ्याची आणि मावशी खिडकीतच. हे काकांनाही माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि हात सैल सोडणं वेगळं.

मी त्या आठवड्यात रोज प्रार्थनेला बसले की शेवटी म्हणायचे, देवा, काकांचा हात तेवढा मोकळा कर. दुसरं काही मागितलं नाही. मला लहानपणी शिकवलेलं आहे, एका वेळी एकच मागावं.

खोली सोडायच्या दिवशी सामान खाली गेलं होतं. राहिली होती खिडकीजवळची खुर्ची आणि तिच्यात मावशी. पैसे हातात आल्यावरच त्यांना उतरवायचं ठरलं होतं, कारण उतरवून पुन्हा चढवणं शक्य नव्हतं. काका आले. हात मागे.

"हे काय? भिंतीची पार रया गेली की."

रफूबाईने वही उघडली. "ओल. पहिल्या पानावर आहे. त्यानंतर चिठ्ठ्या. तुम्ही म्हणालात, बघू. मग परत बघू. परत बघू."

मावशी खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "एवढं बघून डोळे नाही दुखले तुमचे?"

मला हसू आवरेना. काकाही हसले, पण लगेच बेसिनपाशी गेले. "आणि हे? एवढा तडा?"

"तोही पहिल्या पानावर. खाली तुमची सही आहे."

काकांनी वही हातात घेतली. चष्मा कपाळावरून खाली आणला. "सही माझीच," म्हणाले, आणि वाचू लागले. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला. मी तेव्हाच ओळखलं की काहीतरी बिनसलं.

"बाई, तुम्ही तर स्वतःच कबूल केलंय. बेसिनला तडा, आ. आ म्हणजे आमचं. आमच्याकडून झालं."

"आधीचं, काका."

"असं कुठे लिहिलंय? मला नुसता आ दिसतोय. बिजागर ढिलं, आमचं. भिंत विरली, आमचं. खाली तुमची सही. वहिनींची पण आहे."

मी म्हणाले, "काका, मी होते ना तिथे. खोलीला गोवर आलाय म्हणालात तुम्ही."

"म्हणालो असेन. मी पुष्कळ काही म्हणतो."

"पण सामान चढायच्या आधीच ह्या दोघींनी बेसिन फोडलं का?"

"चढवताना फोडलं असेल. तारीख तीच आहे."

खरं सांगते, मला त्या क्षणी वाटलं की काका मुद्दाम करत नसावेत. एकदा त्यांनी तो आ तसा वाचला आणि मग तो त्यांना तसाच दिसायला लागला. कागदावरचं अक्षर ते, तोंड उघडून काही सांगत नाही. रफूबाईचा चेहरा उतरला. बाजारातले लहानमोठे सगळे जण तो आ ओळखतात, आणि जिथे ओळख लागायची तिथे ती नव्हती.

मावशी हळूच म्हणाल्या, "मी सांगत होते, अक्षरं वाचवू नकोस. तुझ्या आत्याला पण हीच खोड."

रफूबाईने वही काकांच्या हातातून परत घेतली. मला वाटलं आता मिटून ठेवणार. तिने मागची पानं काढली.

"काका, तुमचं बघून झालं. आता माझं राहिलंय तेवढं ऐका." आणि वाचायला लागली. "ओट्याजवळची एक फरशी टिचली. आईच्या हातून पातेलं पडलं. आमच्याकडून. कपाटाच्या खालच्या फळीवर इस्त्रीचा डाग. माझ्या हातून."

मी तिच्या कोपराला चिमटा काढला. ती फरशी पायपुसण्याखाली असायची, कपाटाची खालची फळी बघायला माणसाला गुडघे टेकायला लागतात. काकांच्या सात पिढ्यांना ते दिसलं नसतं. तिने माझा हात बाजूला केला.

"खिडकीची जाळी फाटली. पडदा उतरवताना कात्रीचं टोक लागलं. आमच्याकडून. रफू केली."

"जाळी?" काका म्हणाले. "कुठली जाळी?"

"हीच. खिडकीची."

काका खिडकीशी गेले. मावशींनी मान वाकडी करून त्यांना वाट दिली. काकांनी आधी चष्म्यातून बघितलं, मग चष्म्यावरून. तळहात फिरवला. मग बोट. वरपासून खालपर्यंत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. माणूस टायरच्या धंद्यातला, पंक्चर शोधण्यात हयात गेलेली. हे त्याला सापडू नये, हे त्याच्या मनाला लागलं असावं.

"कुठंय?"

"शोधा ना."

"बाई, थट्टा करू नका. कुठंय?"

रफूबाईने त्यांचं बोट धरलं आणि जाळीवर एका जागी टेकवलं. "इथून इथपर्यंत. चौकटीत दुमडलेली जाळी असते ना, तिच्यातल्या तारा ओढून काढल्या. कापडाची शिवण उसवतो तशा."

काकांचं बोट तिथेच राहिलं. "हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मला जन्मात कळलं नसतं."

"रफू दिसत नाही काका. म्हणून तर सांगावी लागते. न सांगता कपडा परत दिला तर ती लबाडी झाली."

खाली दुकानात टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज येत होता. मग काका पुन्हा बेसिनकडे गेले, तडा बघितला, परत आले, वही मागितली. पहिलं पान बघितलं, मागचं पान बघितलं.

"मग आ म्हणजे..."

"आधीचं. आमचं असेल तिथे मी अक्षर वाचवत नाही."

काकांनी मान डोलावली. लगेच नाही, जरा वेळाने, जिन्यावर दम खातात तशी. मग खिशातून पेन काढलं आणि हिशेबाला बसले, कारण शेवटी काका ते काकाच. फरशीचे किती? तिने फरशीवाल्याकडून भाव लिहून आणला होता. गवंड्याची मजुरी? तीही विचारून ठेवलेली. फळीचे? काकांनी एक आकडा सांगितला, तिने नुसतं त्यांच्याकडे बघितलं, तर आपणहून खाली आले. मग वायसरची पावती बघून काका म्हणाले, "हे माझ्याकडे लागतं," आणि तेवढं त्यांनी फरशीतून वजा केलं. काकांची स्वतःविरुद्ध केलेली वजाबाकी मी तरी पहिल्यांदाच बघितली. उरलेलं डिपॉझिट त्यांनी मोजून तिच्या हातावर ठेवलं. फरशीचं आणि फळीचं कापलं जाणार हे धरून तिने तेवढी भर आधीच बाजूला काढून ठेवली होती, त्यामुळे औषधवाल्या बाईंचं पुरं झालं. तिने काकांना वहीत सही करायला लावली. ह्या वेळी काकांनी आधी वाचलं.

मी देवाकडे काकांचा हात मोकळा करायला सांगितलं होतं. तो तिने स्वतःच्या चुका मोजून दाखवल्यावर मोकळा होईल, हे माझ्या डोक्यात कुठून येणार. मी तर तिला चिमटा काढत होते.

मावशींना उतरवायला दुकानातली दोन माणसं आली. काका स्वतः पुढे होऊन उलट्या पायांनी उतरत होते, एक हात खुर्चीला. मी मागून उशी घेऊन. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काका म्हणाले, "सावकाश रे. इथली पायरी तुटलेली आहे."

मावशींनी खुर्चीतून वाकून पायरी बघितली. "आ का हो काका?"

काका थांबले. दोन्ही माणसंही थांबली, खुर्ची अधांतरी.

"आमचं, मावशी," काका म्हणाले. "आमचंच आहे ते."

तेव्हा रफूबाई हसली. सबंध दिवसात पहिल्यांदा.

आज दुपारी मी नव्या खोलीवर जाऊन आले. जाताना बघितलं, त्या पायरीवर गवंडी बसला होता, ओलं सिमेंट, म्हणून मला कठड्याला चिकटून उतरावं लागलं. नव्या खोलीची यादी झालेली होती. औषधवाल्या बाईंनी एकेक ओळ वाचून सही केली होती, आणि प्रत्येक ओळीपुढे आधीचं, आधीचं, आधीचं, पूर्ण लिहिलेलं. "बोटं मोडली वहिनी," रफूबाई म्हणाली. लाल दोरे अजून भिंतीला तसेच होते.

मावशी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. पाय पायरीच्या खाली, सरळ रस्त्यावर टेकलेले. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी विचारत होत्या. चष्मेवाल्याची पाटी खरंच बदललेली आहे, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मग आत वळून लेकीला म्हणाल्या, "अगं, दाराशी एक झाड लाव ना. कुंडीतलं चालेल."

ती कोटाला टाका घालत होती. मान वर न करता म्हणाली, "बघू."

मावशींनी माझा हात धरला. "वहिनी, तुम्ही साक्षीला आहात. बघू म्हणाली. लिहून ठेवा."

म्हणून लिहून ठेवते आहे.